जाडी कायम ठेवावी

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या खुर्च्या बनवणारा एक कारखाना आहे. उत्तर गोव्यात तुम्ही कधी लग्नाला, जत्रेला किंवा मयताच्या घरी गेला असाल, तर त्या खुर्चीवर बसला असाल. लाल रंग, पाठीला काजूच्या पानांची जाळी, आणि बसलं की मागचा डावा पाय क्षणभर विचार करतो. त्या पायात गौरेशचा दोष नव्हता. तो नोकरीला लागला तेव्हा पाय आधीपासूनच विचारी होता.

गौरेश डिझाइन विभागात होता. विभाग म्हणजे दोन संगणक, एक एसी आणि प्रज्योत. प्रज्योत त्याचा वरिष्ठ. मदतीला इतका तत्पर, की त्याच्यापासून कामं लपवून ठेवावी लागत.

एके दिवशी कारखान्याचे मॅनेजर प्रमोद पाटील विभागात आले. मूळचे निपाणीचे. एसीच्या बरोबर खाली उभे राहून ते म्हणाले, "गौरेश, एका गिऱ्हाइकाला बालवाड्यांसाठी खुर्च्या पाहिजेत. आपलीच खुर्ची, फक्त लहान. मोठी हाय, ती लहान करायची. त्यात काय डोकं लागतंय?"

डोकं लागतं. फोटो लहान करता येतो, खुर्ची करता येत नाही. सगळी खुर्ची निम्मी केली तर तिच्या प्लास्टिकची जाडीही निम्मी होते. मग मोल्डमध्ये ओतलेलं प्लास्टिक कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच थिजतं, आणि त्यातूनही खुर्ची झालीच, तर ती पहिल्या पोराबरोबर खाली बसते. म्हणून काही आकडे बदलायचे, काही बदलू द्यायचे नाहीत, आणि कुठला आकडा कुठल्या आकड्याच्या मागे चालणार ते समीकरणं लिहून सॉफ्टवेअरला आधीच सांगून ठेवायचं. सीटची उंची गुडघ्याच्या उंचीवरून. पाठ सीटवरून. हात पाठीवरून. जाळीतली पानं मोजून, कारण सव्वाचार पानं असू शकत नाहीत. हे सगळं नीट जमलं की मग एकच आकडा बदलायचा, आणि बाकीची खुर्ची शाळेतल्या रांगेसारखी मुकाट त्याच्यामागून सरकते. जाडी मात्र तीन मिलिमीटर. तिला कुणाच्याही मागे जायची परवानगी नाही. गौरेशने मॉडेलच्या डोक्यावरच टीप लिहून ठेवली होती: जाडी कायम ठेवावी.

राहिला प्रश्न, गुडघा कुणाचा. पुस्तकात तक्ते होते, पण त्यांतले गुडघे जर्मन होते. म्हणून गौरेशने रविवारी कारापूरला, घरीच, टेपने बाबांचा मोजला.

त्याचे बाबा सगुण यांनी खनिजाचा ट्रक वीस वर्षं चालवला. खाणी बंद झाल्यापासून ते घराच्या पुढच्या सोप्यावर बसून रस्त्यावरून जाणारे दुसऱ्यांचे ट्रक पाहत. आधी ट्रकात बसून, मग सोप्यावर बसून; बसण्याचा एवढा अनुभव असलेला माणूस पंचक्रोशीत नव्हता.

"कित्याक रे मापता?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची करतलों, बाबा. तुमच्या मापाची."

"माका खुर्ची कित्याक? माका सोपो आसा."

इथपर्यंत ठीक होतं. पण कॅटलॉगच्या चित्रात नुसती खुर्ची फार एकटी दिसायला लागली. म्हणून गौरेशने तिच्याभोवती घर उभं केलं. सोपा केला, दार केलं, खिडकी, आतलं टेबल, चूल, भांडी. खुर्चीवर बाबा बसवले. दारात कमरेवर हात ठेवून आई, शेवंती, उभी केली, कारण ती तशीच उभी असते. आणि हे करताना त्याच्या हाताची सवय आड आली. मोकळा सोडलेला आकडा त्याला बटण न लावलेल्या शर्टासारखा टोचायचा. म्हणून त्याने दाराची उंची बाबांच्या गुडघ्याला जोडली. खिडकी दाराला जोडली. आई खिडकीला. भांडी आईला. शेवटी अख्खं घर एका गुडघ्यावर उभं राहिलं, आणि गौरेश समाधानाने जेवायला गेला. असली चूक करायला माणसाचं कामावर प्रेम असावं लागतं आणि तो अजून आईच्या घरी राहत असावा लागतो.

तो स्वतः मात्र त्या मॉडेलमध्ये नव्हता. फोटो काढणारा फोटोत नसतो.

गुरुवारी त्याने चाचणी म्हणून गुडघा पंचाऐंशी टक्के केला. पडद्यावर सगळं सुरळीत सरकलं. खुर्ची लहान झाली, सोपा आखडला, आई इंचभरही न कुरकुरता लहान झाली. कुठेही लाल खूण नाही, कुठेही एरर नाही. त्याने फाइल तशीच ठेवली, स्कूटर काढली, कोलवाळचा पूल, म्हापसा, अस्नोडा, डिचोली करत दिवेलागणीला कारापूरला पोचला, आणि घरात शिरताना त्याचं कपाळ चौकटीवर फाडकन आपटलं.

"कितें रे, दार दिसना तुका?" आई आतून म्हणाली.

ज्या दारातून तो सव्वीस वर्षं जात होता, ते दार त्याच्या भुवईला आलं होतं. तो कपाळ चोळत उभा राहिला. आई बाहेर आली. तिने त्याच्याकडे बघायला मान जरा जास्तच वर केली.

"वाडलो मरे तूं. कॅन्टीनचें जेवण मानवलें दिसता."

"सव्विसाव्या वर्सा वाडटा तो भोंपळो," सोप्यावरून बाबा म्हणाले. "मनीस न्हय."

जेवताना टेबल त्याच्या मांड्यांना लागत होतं. ताट नेहमीपेक्षा लहान होतं, पण काठ होता तेवढाच जाड, त्यामुळे ते बोटांना विचित्र लागत होतं. त्याने विचार केला: ऊन लागलं असेल. मग विचार केला: उन्हाने माणसाला ताप येतो, घराला येत नाही. जेवण झाल्यावर त्याने बॅगेतून टेप काढली आणि बाबा टीव्हीकडे बघत असताना त्यांचा गुडघा परत मोजला. रविवारचा आकडा त्याला पाठ होता. हा त्याच्या बरोबर पंचाऐंशी टक्के होता.

त्याने टेपला दोष दिला. टेप कंपनीची होती, तिला दोष देता येत होता.

सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन आला. गौरेश दात घासत अंगणात उभा होता. पोदेराने सायकल लावली, टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं आणि बाबांच्या हातात पाव देताना तो कमरेतून वाकला. लहान मुलाला खाऊ देताना वाकतात तसा. पण तोंडाने म्हणत होता, "सगुणबाब, फाल्यां येवचो ना हांव, भावाचें लग्न."

आपण वाकलोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

आईने पाव हातात घेतला. तिच्या ओंजळीत तो जेमतेम मावला. "बरो मोटो करपाक लागला हो पाव."

"सगळें म्हारग जाता आनी पाव मोटो जाता," बाबा म्हणाले. "खंय तरी फसयता तो."

गौरेशने फेस तसाच गिळला.

त्या दिवशी तो तुयेला कसा पोचला हे त्याला आठवत नव्हतं. संगणक सुरू होईपर्यंत तो खुर्चीभोवती फेऱ्या मारत होता. प्रज्योतने विचारलं, "मूळव्याध?" गौरेश संगणकाकडे वळला. त्याने फाइल उघडली, गुडघा परत शंभर टक्के केला, फाइल ठेवली आणि पोटात दुखतंय सांगून दुपारीच घर गाठलं.

दार उंच होतं. तो त्यातून आत गेला, बाहेर आला, परत आत गेला.

"कितें शोदता?" आईने विचारलं. मान नेहमीइतकीच वर.

"कांय ना," तो म्हणाला, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून हसत सुटला. खूप वेळ हसला. आईने मुकाट्याने त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट लागली होती, असं तिचं मत पडलं. गौरेशचं मत वेगळं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

आता करायचं एवढंच होतं, की ते घर त्या मॉडेलमधून काढायचं. शनिवारी सकाळी तो त्याच कामाला बसला. त्याने सोपा, दार, आई, बाबा असं सगळं निवडलं. निळं झालं. डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर चौकोन आला: निवडलेले घटक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं सर्व काही काढून टाकलं जाईल. नक्की?

गौरेशने बोट उचललं. हळूच, गरम तव्यावरून उचलतात तसं.

काढून टाकण्यापेक्षा जोड तोडणं बरं. पण एकेक समीकरण तोडायचं, तर कुठून सुरू करायचं? आईची भांडी आधी तोडली आणि मधल्या क्षणी काही झालं तर? त्याला हे शांतपणे, क्रम लावून करायचं होतं. सोमवारी करू, असं ठरवून त्याने गुडघा शंभर टक्के आहे याची तीनदा खात्री केली आणि तो निघाला. वाटेत म्हापशाला बाजारात थांबला. मनावरचं ओझं उतरलेला माणूस घेतो तशा निरर्थक वस्तू घेतल्या. अननस, एक टॉर्च, बाबांना लुंगी.

मागे विभागात प्रज्योत होता, आणि प्रज्योतला मदत करायची होती. गिऱ्हाइकाचा फोन आला, शनिवारीच फाइल पाहिजे म्हणून. प्रज्योतने गौरेशची फाइल उघडली. काय सुंदर जोडून ठेवलंय, असं त्याला मनापासून वाटलं. गिऱ्हाइकाने सांगितलेला आकडा त्याने टाकला, बासष्ट टक्के, आणि फाइल रिलीज केली. रिलीज म्हणजे कुलूप. त्यानंतर आकडा कुणालाच बदलता येत नाही. नवी आवृत्ती काढायची तर गिऱ्हाइकानेच मागावी लागते. गौरेशला त्याने निरोपही पाठवला: तुझं काम करून टाकलं, आराम कर.

तो निरोप गौरेशने कारापूरच्या तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, स्कूटरवर बसल्या बसल्या वाचला.

घर लांबून नेहमीसारखंच दिसत होतं. लांबून कुठलंही घर लहानच दिसतं. फक्त जवळ जाऊनही ते मोठं होईना.

दार त्याच्या छातीच्या खाली आलं होतं. सोप्यावर बाबा बसले होते, बालवाडीतल्या पोराएवढे, पांढऱ्या मिशांचे. नव्या लुंगीची घडी त्यांच्या मांडीवर ठेवली तर ते तिच्यामागे दिसेनासे झाले असते. गौरेशने ती पिशवीतच ठेवली.

"आयलो?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिचकावले.

पापण्या मिटल्या, मग थोड्या थांबल्या, मग उघडल्या. सावकाश. दुकानाचं शटर वर जातं तशा.

गौरेशला समजायला वेळ लागला नाही. माणूस लहान झाला होता. कातडीची जाडी तेवढीच होती.

आई रांधत होती. तिच्या बारक्या मनगटात बांगड्या पूर्वीइतक्याच जाड होत्या आणि हलत नव्हत्या, एकमेकींत रुतून बसल्या होत्या. बोलताना तिचे ओठ शब्दाच्या किंचित मागे राहत होते. तो रांगत आत आला तशी ती भिंतीला सरकली. घाबरून नव्हे. संकोचून, परका पुरुषमाणूस स्वयंपाकघरात शिरल्यावर सरकतात तशी.

"तूं भायर बस हां, पुता. भितर तुका त्रास."

तो अंगणात जेवला. ताट त्याच्या तळहातावर मावत होतं. सहा वेळा वाढून घेतल्यावर टोप संपला आणि आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी आपल्या पानातला अर्धा बांगडा परत टोपात ठेवला.

जेवणानंतर बाबा त्याच्याजवळ येऊन बसले.

"पुता," ते म्हणाले, "तुयेंत एक कूड घे भाड्याची."

"कित्याक?"

"हांगां तूं मावना." त्यांना ते बोलताना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पापण्या मिटल्या आणि उघडायला उशीर झाला. "तुजी आवय भिता. न्हिदेंत कूस परतलो जाल्यार वण्टी पडटली म्हणटा."

झोपेत कूस बदललीस तर भिंत पडेल. हे त्याच्या आईचं म्हणणं होतं, आणि खोटं नव्हतं. गौरेश अंगणात गोणपाटावर आडवा झाला, पाय तुळशीच्या पलीकडे. आतून दोघांची कुजबुज ऐकू येत होती. पोरगा झोपल्यावर आईबाप बोलतात तशी नाही. पाहुणा झोपल्यावर बोलतात तशी.

सोमवारी तो प्रमोद पाटलांच्या केबिनमध्ये होता.

"आकडा बदलायचाय? का?"

"चुकलाय, सर."

"गिऱ्हाइकानं सही केलीय. चुकला आसंल तर तो गिऱ्हाइकाचा चुकलाय. आपला न्हाई."

तो मोल्ड विभागात धावला. परशुराम, गडहिंग्लजचा मोल्डमेकर, मशीनच्या काचेत बघत उभा होता. आत कटर फिरत होता आणि दुधासारखं कूलंट उडत होतं. पोलादाच्या ठोकळ्यात काजूची पानं उमटत होती. लहान लहान.

"थांबव, परशुरामदादा."

"आता?" परशुरामने मान हलवली. "शनवारपासनं कापतोय, बाळ. कागदावरचं खोडरबरानं जातंय. ह्ये न्हाई जात."

गौरेश विभागात येऊन बसला. उठला. पाणी प्यायला. परत बसला. प्रज्योत बँकेत गेला होता. एसीचा आवाज येत होता. फाइल बंद होती, पण वाचता येत होती. तो पडद्यावर फिरवत राहिला: सोपा, दार, कमरेवर हात ठेवलेली आई. आत जागा होती. खिडकीजवळ, टेबलाच्या उजवीकडे, जिथे तो रोज जेवायला बसायचा, तिथे त्याने काहीच काढलं नव्हतं.

कुलूपबंद फाइलमधला आकडा बदलता येत नाही. पण तिच्या मागे स्वतःला जोडून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्याने परशुरामला विभागात बोलावून आणलं. "परशुरामदादा, जरा मापं घे माझी."

"कसली?"

"सगळी."

परशुरामने घेतली. कारखान्यात असली कामं फारसं न विचारता होतात. त्याने टेपने उंची घेतली, पाय घेतले, नंतर हौसेने व्हर्नियर काढून नाकही घेतलं. "लगीन ठरलं काय?" एवढंच म्हणाला, आणि मशीनवर परत गेला.

गौरेशने स्वतःला काढलं. कपड्यांसकट काढलं, हे बरं झालं. प्रत्येक आकडा एकेक करून बाबांच्या गुडघ्याला जोडला. मोकळा एकही सोडला नाही. जाडीच्या रकान्यात वरून आलेली टीप आपोआप भरलेली होती. तिच्याकडे त्याने पाहिलं. ती बदलायला कुलूप उघडावं लागलं असतं.

त्याने बटण दाबलं.

काही झालं नाही. फक्त पाय जमिनीवरून सुटले. सुटले म्हणजे खुर्चीवरून लोंबायला लागले, कारण जमीन खाली गेली होती.

परशुराम व्हर्नियरचा डबा विसरला होता तो न्यायला आला. "निघालास?" त्याने कमरेत वाकून विचारलं.

"हो. स्कूटर राहू दे इथंच."

"चल, म्हापशापर्यंत सोडतो. माझी पाळी संपलीच."

परशुरामने त्याला मोटरसायकलच्या टाकीवर पुढे बसवलं, दोन हातांच्या मध्ये, पोरांना बसवतात तसं, आणि म्हापशापर्यंत प्रॉव्हिडंट फंडाच्या व्याजाबद्दल बोलत राहिला. कोलवाळच्या पुलावर वारा तोंडावर आला तेव्हा गौरेशने डोळे मिटले. उघडायला थोडा वेळ लागला.

कारापूरवरून साखळीला जाणाऱ्या बसला पायरी उंच होती. मागच्या माणसाने मोबाइलवरचं बोलणं न थांबवता त्याला बगलेत धरून वर ठेवलं. "ना ना, सिमेंट फाल्यां," तो फोनवर म्हणत होता. बसमध्ये कुणीच वळून पाहिलं नाही.

घराचं दार बरोबर होतं.

तो त्यातून मान ताठ ठेवून आत गेला. आई वळली. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"हां! आतां कसो दिसता म्हजो पूत!"

त्या आठवड्यात तो कामावर गेला नाही. घरात राहिला, घरात मावला. खिडकीजवळ बसून जेवला. बाबांशी ट्रकांबद्दल वाद घातला. पोदेर सकाळी वाकून पाव द्यायचा आणि तिघांत एक पुरायचा. डोळे उघडायला वेळ लागतो याची सवय झाली. हसू आलं की गालावर पोचायला उशीर व्हायचा, पण पोचायचं. कधीकधी बेचैन वाटून तो अंगणात येई. तिथे तुळस त्याच्या डोक्याहून उंच, आणि रस्त्यावरून ट्रक गेला की पाय जमिनीवरून उडत. मग तो आत जाई. आत सगळं बरोबर होतं.

रविवारी सकाळी फोन किणकिणला. त्याचा फोन मॉडेलमध्ये नव्हता. तो टेबलावर पाटासारखा पडला होता. प्रज्योतचा निरोप होता.

'बरा आहेस ना? गिऱ्हाइकाला बालवाड्यांत वाटायला कीचेन पाहिजेत. आपल्याच खुर्चीची. नवी आवृत्ती त्यानेच मागितली. तू सगळं इतकं मस्त जोडलंयस, एकच आकडा टाकला. सहा टक्के.'

गौरेशने फोन दोन्ही हातांनी सरळ केला. बोटांनी अक्षरं शोधायला लागला.

'फक्त एक एरर आहे. एवढ्या लहान मापात तीन मिलिमीटर जाडी बसत नाही. आत पोकळ जागाच उरत नाही म्हणतंय.'

थांब, एवढंच लिहायचं होतं. थ सापडत नव्हता. मग सापडला.

"च्या घेता मरे?" आई म्हणाली. ती टेबलाशी आली, हातात किटली.

खिडकीतून येणारं ऊन गेलं होतं. बाहेर काहीतरी हिरवं, शिरांचं, काचेला टेकलं होतं.



'सुटला,' भिंतीएवढ्या झालेल्या फोनवर प्रज्योतने लिहिलं. 'पोकळ करायची पायरीच काढून टाकली. आता सगळं भरीव.'

आईने किटली वाकडी केली. चहा कपावर पडला आणि दगडावरून ओघळावा तसा बाजूंनी ओघळला. टेबलावर पसरला. तिच्या पायांवर सांडला. कपाच्या वरचा भाग सपाट होता आणि चकचकीत. त्याला आत नव्हतं.

गौरेशला ओरडायचं होतं. त्यासाठी आधी श्वास घ्यायला हवा होता. घाबरून आपण तो रोखून धरलाय, असं त्याला इतका वेळ वाटत होतं.

आई ओतत राहिली.

"थांब हां, पुता," ती ओठ न हलवता म्हणाली. "भरता आतां."